सरूचा विमा

१४ जून १९५४, सोमवार

नाही, मला कुणाच्या मदतीची गरज नाही. इंदूर दरबारच्या बग्गीखान्यावर बावीस वर्षं जमादारी केली. स्टेशनावर कुणाला चार घोड्यांची बग्गी, कुणाला दोन, कुणाला नुसता टांगा, सगळं माझ्या एका चिठ्ठीवर चालायचं. त्या मानाने एक पोरगी जर्मनीला पाठवायची म्हणजे काय मोठी स्वारी आहे?

सरू एम.एस्सी. झाली. कापडाच्या रंगांची केमिस्ट्री पुढे शिकायला तिकडच्या युनिव्हर्सिटीने सीट दिली, फीसुद्धा माफ. सप्टेंबरात बोट. फक्त कागद राहिले. पासपोर्ट, व्हिसा आणि असलीच एकदोन फालतू लफडी. सरू म्हणाली, आबा, कागदांचं मी बघते. मी म्हटलं, तू जर्मन शीक, ऑफिसं मी बघतो. शिकलेला माणूस ऑफिसात गेला की फॉर्म वाचत बसतो. तिथेच फसतो.

संकल्प: पंधरा दिवसांत सगळं साफ.

१७ जून

पासपोर्टचा बाबू. ग्वाल्हेरचा. संस्थानं गेली तेव्हापासून आमचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला, थंडीत ग्वाल्हेरला, सर्कशीसारखं. तंबूबरोबर हाही आलेला. सरूच्या जन्मतारखेचा पुरावा मागतो. सांगितलं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाली, मी स्वारीचे घोडे सजवत होतो, सगळ्या बड्या गणपती मोहल्ल्याला माहीत आहे. तर म्हणे, साल? म्हटलं, ज्या साली पांढरा घोडा लंगडला ते. लिहून घेतलं नाही. दरबारचं शिफारसपत्र दाखवलं. म्हणतो, कौन सा दरबार?

उठून आलो. असल्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं.

२८ जून

पासपोर्टचं काम झालं. सरू मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन गेली, त्याच बाबूने वीस मिनिटांत अर्ज घेतला. उघड आहे, मी त्याला आधी नरम करून ठेवला होता. हे सरूच्या आईला सांगितलं. ही म्हणाली, हो का. हिच्या 'हो का'ला मी उत्तर देत नाही.

६ जुलै, सकाळी

जर्मनीहून पत्र. सरूने वाचून मराठीत सांगितलं. छातीचा आतून काढलेला फोटो पाहिजे. देवी टोचल्याचा दाखला पाहिजे. हे सगळं तिकडे पोस्टाने पाठवायचं. शिवाय विमा पाहिजे. मुंबईच्या जर्मन कचेरीत विम्याचा कागद दाखवला तरच व्हिसा, आणि तोही ऑगस्ट संपायच्या आत, नाहीतर सीट दुसऱ्याला.

हरलेली माणसं, स्वतःची शहरं जमीनदोस्त, आणि आमच्या पोरीच्या छातीत वाकून बघणार!

सरूने पत्रात 'इन्शुअर्ड' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाली, आबा, हे सगळ्यात महत्त्वाचं. म्हटलं, पत्र इकडे दे. इंग्रजी मला वाचता येत नाही असं सरूला वाटतं. अक्षरं सगळी येतात. शब्द तेवढे राहिलेत.

१२ जुलै

शेजारचा कृष्णराव येऊन बसला. शाळेत भूगोल शिकवतो आणि फावल्या वेळात विम्याची एजन्सी. म्हणजे पोरांना नद्या आणि थोरांना मरण. म्हणाला, अप्पासाहेब, सरूला लागतो तो मरणाचा विमा नव्हे, आजारपणाचा. तिकडे दवाखान्यात पडली तर खर्च कंपनी देते. मुंबईहून फॉर्म मागवतो, डॉक्टर तपासेल, सरूची सही लागेल, महिनाभर जाईल. आजच सुरुवात करू.

म्हटलं, माझी पोरगी आजारी पडत नाही. एकदा गोवर निघाला होता, तोसुद्धा शेजाऱ्यांमुळे. तो म्हणाला, ते जर्मनांना कसं कळणार? म्हटलं, मी लिहून देतो. हसला. दात चांगले नाहीत.

चहा पिऊन गेला. दोन कप. फॉर्मबिर्म मागवायचा नाही, असं बजावून सांगितलं. महिनाभराची पंचायत! मी आठवड्यात करून दाखवतो.

१९ जुलै, दुपारी

करून दाखवलं. आठवडासुद्धा लागला नाही. पाव घंटा!

सरूचा छातीचा फोटो, देवीचा दाखला, मार्कांच्या नकला, सगळं एका जाड पाकिटात घालून पोस्टात गेलो. खिडकीवरचा भला माणूस. आपणहून विचारतो, बा साब, बीमा कराना है क्या? मी चमकलो. म्हटलं, यहीं होता है? म्हणाला, और कहाँ होगा. कृष्णराव महिना मागत होता, बघा! लुटारू.

लाखेचे पाच शिक्के मारले. माझी बग्गीखान्याची घोड्याची मोहर होतीच बरोबर. कुणी डॉक्टर नाही, कुणाची सही नाही. पावती मिळाली. खिशातून जर्मनीचं पत्र काढलं, लाल रेघेचा शब्द पावतीवरच्या शब्दाशी ताडून बघितला. आय, एन, एस, यू, पुढची सगळी. अक्षर न् अक्षर जुळतं. मी असाच कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा नाही.

येताना राजवाड्यावर जलेबी घेतली.

२१ जुलै

सरूला सांगितलं, विमा झाला. तिने विचारलं, कुठली कंपनी? म्हटलं, सरकारी. म्हणाली, माझी सही नको का? म्हटलं, बापाची चालली. पावती बघू म्हणाली. पावती पेटीत आहे, पेटीची किल्ली करदोट्याला आहे. कृष्णराव भिंतीपलीकडून ओरडला, अहो अप्पासाहेब, सरकार असला विमा करतच नाही! म्हटलं, धंदा बुडाला की असंच वाटतं, कृष्णराव भिया.

सरू पुन्हा म्हणाली, आबा, एकदाच बघू द्या ना. मी म्हटलं, मग सरळ सांग, बापावर भरवसा नाही. तिने जर्मनचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, आहे.

तेवढंच पाहिजे होतं.

११ ऑगस्ट

सरूने लोकरीचा कोट शिवायला टाकला. दिवसभर जर्मन आकडे मोठ्याने म्हणत असते, खाकरल्यासारखे. मिलमधला पांडुरंग आला होता, त्याचा भाचा विलायतेला जायचं म्हणतो. म्हटलं, विम्याचं माझ्यावर सोड. लोकांना उगाच हौस असते कठीण करून घ्यायची. विचार आहे की सरू गेल्यावर दारावर पाटी लावावी. परदेशी जाणाऱ्यांची कामं. कृष्णरावच्या पाटीपेक्षा वीतभर मोठी.

२७ ऑगस्ट, मुंबई

जर्मन कचेरी. सरूला आणि मला खुर्च्या दिल्या. समोर गोरा साहेब, बाजूला आपला एक मराठी कारकून, चष्मेवाला. विमा मागितला. मी पावती टेबलावर ठेवली, थोडी आपटूनच.

कारकुनाने वाचली. उलटली. पुन्हा वाचली. मला विचारलं, आजोबा, ह्यात विमा कुणाचा? म्हटलं, हिचा. म्हणाला, नाही, पाकिटाचा. वाटेत पाकीट हरवलं तर पोस्ट भरपाई देईल, म्हणून. म्हटलं, पाकिटात तिचेच कागद आहेत. म्हणाला, खरं आहे. पाकीट आजारी पडलं तर काळजी नाही. पोरगी आजारी पडली तर?

साहेबाने काय झालं ते विचारलं. कारकुनाने जर्मनमध्ये सांगितलं. साहेब हसला नाही. हसला असता तर दोन शब्द सुनावता आले असते. आज शुक्रवार, मंगळवारी महिना संपतो, तेवढ्यात दुसरा विमा होणं शक्य नाही, असं म्हणाला. सरूने त्याचे आभार मानले. जर्मनमध्ये. तिला बरंच येतं आता.

२९ ऑगस्ट

परत आलो. चूक पोस्टवाल्याची आहे. बीमा म्हणजे काय, हे लिहून ठेवायला नको? चूक जर्मनांचीही आहे, एक शब्द दोन कामांना वापरतात. सरूची थोडी आहे, रेघ मारली ती त्याच शब्दाखाली. हे तिला सांगणार होतो. ती रतलामपासून इंदूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

१३ सप्टेंबर

जर्मनीहून दोन ओळी. पाकीट शिक्क्यांसकट सुखरूप पोचलं. सीट दुसऱ्याला दिली. एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करता येईल, पण फी माफ होईलच असं नाही.

ही तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. वाढते. पाटीचं तूर्त रहित.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी

सरूनेच कृष्णरावला बोलावलं. ओसरीवर फॉर्म भरत बसले दोघं. कृष्णराव मला काही बोलला नाही, उलट अप्पासाहेब, बसा ना, म्हणाला. बसलो. माझीच ओसरी आहे.

प्रश्न कसले कसले विचारतात! क्षय आहे का, दमा आहे का. सरू भराभर नाही, नाही लिहीत गेली. मग कृष्णरावने पुढचा वाचला: आईवडिलांपैकी कुणाच्या डोक्यात कधी बिघाड झाला होता काय?

सरूचं पेन थांबलं. कृष्णराव छताकडे बघू लागला. आतून हिचा आवाज आला, आठ दिवसांनी पहिला: खोटं लिहू नको ग, मागाहून विमा रद्द करतात.

सरूने 'नाही' लिहिलं. पण वेळ लावला.

यावर मला एक अक्षर लिहायचं नाही.