पॉपची कोल्ट आणि नाक मुरडण्याची विद्या

७ सप्टेंबर, शनिवार

आजपासून नोंदी. प्रत्येक थोर संग्राहकाच्या नोंदी असतात म्हणे. माझ्याच का नसाव्यात?

संग्रहाची सद्यस्थिती: जुनी रिव्हॉल्व्हरं पाच. सगळी अस्सल, सगळी स्वस्तात. पैकी चालू किती, हा प्रश्न बायकोचा, डोरीनचा. आज पॅनकेक उलटता उलटता म्हणाली, घरात पाच बंदुका आणि एक उडेल तर शपथ. चोर आला तर काय फेकून मारायच्या? मी म्हटलं, ही गुंतवणूक आहे. ती म्हणाली, मग आपलं वॉशिंग मशीनही गुंतवणूकच, तेही बंद आहे. हिच्याशी इतिहासावर बोलण्यात अर्थ नाही.

संकल्प: यापुढे फक्त दर्जेदार माल. तोही कॉफीच्या डब्यात असेल तेवढ्यातच. शुक्रवारी शाळेच्या फुटबॉलच्या पोरांना बसने मॅचला नेतो, त्याचे जादा पैसे त्या डब्यात. सध्या डबा वाजतो फार, भरतो कमी.

१४ सप्टेंबर, शनिवार

फेअरग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, गन शो, बंदुकांचा बाजार. आमच्या काउंटीतले झाडून सगळे हजर.

या धंद्यात नाक मुरडण्याची विद्या हवी. ती माझ्याइतकी इथे कोणाला येत नाही. आवडलेली वस्तू आवडली असं दाखवायचं नाही. टेबलवाल्याला विचारून उचलायची, नळीत डोकावायचं, सुस्कारा टाकायचा, च्च च्च करायचं आणि खाली ठेवून चालू पडायचं. संध्याकाळी टेबलं आवरायच्या वेळी परत यायचं. माल परत गाडीत भरायचा त्यांना कंटाळा. पडेल भावात देतात.

आज एक निकेलचं, हस्तिदंती मुठीचं छोटं रिव्हॉल्व्हर दिसलं. जीवच जडला. पण सुस्कारा असा टाकला की टेबलवाल्याचा चेहराच पडला. जेमतेम पाठ फिरवतो तोच मागच्या दाढीवाल्याने पूर्ण भाव देऊन उचललं! नंतर हॉट डॉगच्या रांगेत भेटला. म्हणाला, तू एवढा वेळ नळीत बघत होतास तेव्हाच मी ओळखलं, चीज आहे.

म्हणजे नजर माझीच खरी. समाधान वाटलं.

रिकाम्या हाताने परतलो नाही. दुसरं एक घेतलं. चक्र गंजून जाम आहे, घोडा अर्धा तुटलाय. रात्रभर तेलात ठेवलं की सुटेल. विकणाऱ्याने वर खोकाही फुकट दिला. काय दिलदार माणूस!

१५ सप्टेंबर, रविवार

सुटलं नाही.

तेलात ठेवायला जे भांडं घेतलं ते डोरीनचं लझान्या भाजायचं निघालं. तिने जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद मोठी. नीट लिहितो.

सासरेबुवा, म्हणजे डोरीनचे वडील ऑर्विल, आम्ही पॉप म्हणतो, घर विकून म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जाणार. सामान काढायला मदत म्हणून गेलो. बिस्किट्स आणि ग्रेव्ही चापली. तर पॉप आत गेले आणि एक लोकरीचा मोजा घेऊन आले. मोज्यात काय? कोल्ट कंपनीची जुनी रिव्हॉल्व्हर, अस्सल कोल्ट! जन्मभर गावचे मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, होते, तेव्हा कमरेला असायची ती. म्हणाले, वसाहतीत हत्यार चालत नाही. लाइल, पोरा, तू यातला जाणता. बघ बरं, कशी आहे?

कशी आहे! नळीच्या टोकाची निळी झिलई होल्स्टरला, कमरेच्या कातडी म्यानाला, घासून घासून उडालेली, बाकी जशीच्या तशी. मुठीचं अक्रोडी लाकूड त्यांच्या अंगठ्यापाशी गुळगुळीत झालेलं. घोडा ओढला तर घड्याळासारखा टिक् झाला. अशी वस्तू आयुष्यात एकदाच हातात येते. ही माझी झाली तर बाकीची पाचही नदीत फेकीन. (सहा.)

पण डोकं शाबूत ठेवलं. खरी किंमत कळली की म्हातारा उद्या चेस्टरच्या गहाणवटीच्या दुकानात जाणार. मग कॉफीचा डबा काय कामाचा? लगेच विद्या वापरली. नळीत डोकावलो. सुस्कारा. च्च च्च. म्हटलं, पॉप, चक्र ढिलं झालंय, झिलई गेलीय, नळी गंजाने खाल्लीय. पन्नास डॉलरही कोणी देणार नाही.

पॉपनी ती पुन्हा मोज्यात घातली, मोज्याला गाठ मारली. म्हणाले, बरं झालं तूच सांगितलंस.

आता काही दिवस तिकडे फिरकायचं नाही. मग सहज जायचं, उपकार म्हणून अडगळ उचलायची. योजनेला तोड नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

डोरीन वडिलांकडे जाऊन आली. म्हणे, पॉप गप्प गप्प आहेत, चेरी पाई नुसती चिवडली, खाल्ली नाही. तू काही बोललास का? मी म्हटलं, छे.

चांगलं लक्षण. भाव उतरतोय.

६ ऑक्टोबर, रविवार

जायला हवं होतं, पण घाई केली तर संशय येईल. चेस्टर म्हणतोच, लाइल, लेका, घाई करणाऱ्याच्या जिवावर तर माझं दुकान चालतं. त्याच्याकडे आडून चौकशी केली, अशी कोल्ट आली तर काय देशील? त्याने आकडा सांगितला. घरी येईपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरवरच चालवली.

गॅरेजच्या भिंतीवर मधोमध खिळा ठोकून ठेवला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज मजा आली. चर्चच्या पार्किंगमध्ये पोलिसांनी हत्यारं गोळा करायला टेबल मांडलं होतं. नको असलेलं हत्यार द्या, नाव विचारणार नाही, वर किराणा दुकानाचं शंभर डॉलरचं कार्ड घ्या. गोळा झालेलं सगळं करवतीने कापून भंगारात. मी माझं ते जाम झालेलं सहावं नेलं. त्यांनी निमूट घेतलं! कार्ड खिशात. डोरीनला लझान्याचं नवं भांडं आणलं. संग्राहकाला विकताही यावं लागतं.

टेबलामागचा पोलीस तरुण होता, पण जाणकार. म्हणाला, तुमचं काय, ते गंजकंच होतं. सकाळी एक म्हातारा एक जुनं रिव्हॉल्व्हर देऊन गेला, इतकं देखणं की मला पेटीत टाकवेना. पण काय करणार, नियम म्हणजे नियम. घरी येईपर्यंत हसू आवरेना. काय गाढव असेल! घरात सांगणारं एकही जाणतं माणूस नसेल का?

उद्याचा रविवार जाऊ दे. पुढच्या रविवारी माझा वाढदिवस, पॉप जेवायला येणारच आहेत. तेव्हा हळूच विषय काढायचा. वाढदिवसाला माणसाला नाही कसं म्हणतील?

२७ ऑक्टोबर, रविवार

पॉप आले. काखेत हे भलंमोठं हॅम, हातात चेरी पाई आणि एक कागदी पिशवी. दारातच म्हणाले, हॅपी बर्थडे, पोरा, हॅम माझ्याकडून. मी म्हटलं, एवढा खर्च कशाला? तर डोळे मिचकावून म्हणाले, खर्च कसला? पोलिसांना टोपी घातली!

मला तेव्हाही कळलं नाही. खरंच नाही.

जेवायला टेबलाशी बसल्यावर सांगितलं. म्हणाले, खरं सांगू? ती कोल्ट तुलाच द्यायची होती, आजच. उन्हाळ्यातच ठरवलं होतं. म्हटलं, एवढी हौस आहे बिचाऱ्याला आणि मिळतं ते सगळं मोडकं. त्या दिवशी दाखवली ती तुझं तोंड कसं खुलतंय ते बघायला. पण तू खरं ते सांगितलंस. मग जाणत्या माणसाला वाढदिवसाला भंगार कसं द्यायचं? लाज वाटली रे मला. एवढी वर्षं मी तिला चीज समजत होतो. दिली नेऊन चर्चपाशी पोलिसांच्या टेबलावर. तू म्हणालास पन्नास, मी वाजवून शंभर घेतले. बरोबर केलं ना?

डोरीन माझ्याकडे बघत होती. खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. पॉप काटा हातात धरून वाट बघत होते.

म्हटलं, झकास केलंत, पॉप. चेस्टरने चाळीससुद्धा दिले नसते.

केवढे हसले! टेबल बडवून हसले. डोरीन म्हणाली, त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा हसले. मग दोनदा हॅम घेतलं. मीही घेतलं. डोळ्यांत पाणी का, असं डोरीनने विचारलं. म्हटलं, मस्टर्ड झणझणीत आहे. ती म्हणाली, आपलं मस्टर्ड गोडं आहे.

कागदी पिशवीत होल्स्टर होतं. पोलिसांनी ते घेतलं नाही. पॉप म्हणाले, कातडं चांगलं आहे, तुझ्यातलं एखादं बसेल.

ते गेल्यावर गॅरेजमध्ये एकेक घालून पाहिलं. एकही बसत नाही. कातड्याला त्या कोल्टचाच आकार आलाय. खिळ्याला अडकवलं.

संग्रहाची सद्यस्थिती: रिव्हॉल्व्हरं पाच. होल्स्टर एक. हॅम अर्धं.