विर्यो स्टुडिओतला बंद कॉम्प्युटर

३ जुलै, रविवार
सालातिगाला पोचले! पेकालोंगानच्या समुद्राकाठी आयुष्य काढल्यावर इथली हवा म्हणजे चैनच. खिडकीतून मर्बाबू डोंगर दिसतो. फोटो स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत आहे, मागची खोली माझी. मालक पाक विर्यो गप्पिष्ट, त्यांची बायको बू कुस्मियाती त्याहून जास्त; पाक आणि बू ही हाक बाबा-आई म्हणावं तशी. समुद्रावरची पोर गारठेल म्हणून बूंनी आल्या आल्या स्वेटर दिला, तर पाक म्हणाले, "मासळी थंडीतच टिकते." माझं काम म्हणजे कॉम्प्युटर सांभाळायचा आणि लग्नाचे फोटो सुधारून द्यायचे. गावातली वीस वर्षांची लग्नं त्या एका कॉम्प्युटरात आहेत.

४ जुलै
बावीस पासपोर्ट फोटो, एक बारसं. कॉम्प्युटर फार रडतखडत चालतो. मी मागितलेलं ग्राफिक्स कार्ड आणि मोठा पॉवर सप्लाय उद्या येतोय. रात्री तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि तिखट साम्बाल चटणी. बूंनी तिसऱ्यांदा वाढलं, नको म्हणायची सोयच नव्हती.

५ जुलै
जेवणाआधी नवे भाग बसवले. केबली दोनदोनदा दाबून बघितल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. काही नाही. पंखा नाही, दिवा नाही, साधी टिकसुद्धा नाही. पाक मागून म्हणाले, "नवे कपडे घातलेत ना, लाजतोय तो." मीही हसले. एखादी केबल सैल असणार, दुसरं काय.

६ जुलै
केबल सैल नाही. रॅम काढून, पुसून परत बसवली. बटण खराब असेल म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्याच्या आतल्या पिना जोडून पाहिल्या. छोटी बॅटरी काढून ठेवली. मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडला. शेवटी नवं सगळं उतरवून जुनं होतं तसं लावलं. तरी नाही. नव्या पॉवर सप्लायला नुसती तार लावली तर सकाळी त्याचा पंखा छान फिरत होता. दुपारी तोही फिरेना.
निदान फोटो तरी वाचावेत म्हणून हार्ड डिस्क काढून काउंटरवरच्या पावत्यांच्या कॉम्प्युटरला जोडली. तो तिथेच बंद पडला. डिस्क काढली. बंदच.
मी हे काम सहा वर्षं करतेय. एवढं हतबल कधी वाटलं नव्हतं.

७ जुलै
प्रिंटर गेला. टेबलफॅन गेला. बूंना पाणी काढून द्यायला फ्रीज उघडला, तर आतला दिवा विझला तो विझलाच. वायरमन आला. आमच्याच सॉकेटवर त्यानं स्वतःचा दिवा लावून दाखवला, लख्ख लागला. म्हणाला, वीज अगदी ठीक आहे, तुमच्या वस्तूच घेत नाहीत. बू मला ताई म्हणावं तसं म्बाक म्हणतात; हसून म्हणाल्या, "म्बाक वेनिंग, तू आमचं घर झोपवायला आलीस का गं?"
मी हसले नाही. मी यादी करत होते. जे जे बंद पडलं त्याला परवापासून माझा हात लागलाय.

८ जुलै
माझा फोन. पाकांची स्कूटर. पाण्याचा पंप. रबरी मोजे घालून पाहिले, काही उपयोग नाही. हात घासून घासून कातडं सोललं.
जेवताना पाकांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, मी आजच गावी जाते. ते म्हणाले, "हात दाखव बघू." मी मागे घेतला. त्यांनी तो धरलाच, दोन्ही हातांत घेऊन थोपटला. "यात काय विष भरलंय? दोन दिवस झोपली नाहीस, तेवढंच. रविवारी सकाळी आमची रातिह येतेय सेमारांगहून, तिच्या ओळखीचा मोठा कारागीर आहे. तोवर हलायचं नाही."
मी राहिले. का राहिले —

९ जुलै
पाक सकाळी उठले नाहीत. डोळे उघडे. श्वास चालू, नाडी चालू. बूंनी हाका मारल्या, गालावर पाणी शिंपडलं. डोळे उघडेच.
मी टेबलामागून ओरडत होते, बू, माझ्याजवळ येऊ नका. त्या रडत आल्या आणि म्हणाल्या, "वेडी आहेस का? लेकरू आहेस तू माझं." मला पोटाशी धरलं. मी सुटायला पाहिलं, त्यांनी आणखी घट्ट धरलं.
डॉक्टरांना आणायला निघाल्या. उंबऱ्याशी एक चप्पल पायात, एक बाहेर — तशाच उभ्या आहेत. तास झाला. त्यांना बसवायलासुद्धा मी हात लावू शकत नाही.

दुपार
फाटकातून रस्त्यावर ओरडणार होते. डावा पाय उचलत नाही. दुखत नाही. नुसता — येत नाही. खुर्चीपर्यंत सरपटत आले.
आवाजही बसलाय. ओठ हलतात, आतून काही निघत नाही.

१० जुलै
दोन्ही पाय. डावा हात.
पेन चालतंय. पेन चालू करावं लागत नाही.
उजेड झालाय. बू अजून उभ्या. रातिह त्यांना मिठी मारेल. मारू दे, त्यांना शिवून काही होत असेल असं नाही — पण मग ती आत येईल, मला बघेल. अशा मायाळू आईबापांची मुलगी. हलवून हलवून विचारेल, काय झालं —
वही मांडीवर उघडी ठेवते. हे पान वर. आधी हेच वाचेल, मग लांबच राहील.

फाटक वाजलं. आई, आई म्हणतेय.

मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, बोटं —

रातिह, मला हात लाव