मी झोपलो नव्हतो

३ जून
संध्याकाळी गल्लीची बैठक. गल्लीप्रमुख तुगिमानने हसत हसत सुचवलं की साठीपुढच्यांना रात्रीच्या गस्तीतून मोकळं करावं. अख्ख्या गस्तीत साठीपुढचा मी एकटा. तेव्हा हे अनेकवचन केवळ सौजन्याचं. परवापर्यंत मला ‘पाक वास्कितो’ म्हणणारा हा इसम आज ‘म्बाह’ म्हणाला. न मागता बढती: बापाचा थेट आजोबा.

मी सुनावलं, योग्याकार्ता शहरातल्या वर्तमानपत्रात तीस वर्षं रात्रपाळीचा बातमीदार होतो, पहाटेआधी पाठ टेकली नाही. तर म्हणतो, “तेव्हा लोक वर्तमानपत्रही वाचायचे, म्बाह.” सगळे हसले. शेवटी ठरलं: जूनभर दर गुरुवारी चौकीवर बसायचं. जागा राहिलो तर गस्तीच्या पाटीवर नाव राहील, नाहीतर पुसणार.

पाटीवर माझं नाव सर्वांत वर आहे. ते तिथेच राहील.

४ जून, पहाटे ३
टक्क जागा. ही काय म्हाताऱ्याची लक्षणं? सुमिनीचं म्हणणं, “आठलाच टीव्हीसमोर घोरत होतात, मग आता जाग येणारच.” मी घोरत नव्हतो. बातम्यांशी असहमत होतो. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने एकदाही माझी बाजू घेतलेली नाही.

६ जून
पहिली गस्त. सोबत गांदुंग आणि बागास. पंचविशीच्या आतली दोन घुबडं. रात्री टवटवीत, दिवसा प्रेतं. सूर्य डोक्यावर आला की यांच्या आया यांना ढोसून उठवतात, आणि हे गल्लीचे रक्षक! चौकीवर शेंगा, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, पत्ते. मी डोळे मिटून गल्लीचा कानोसा घेत होतो. चांगला पहारेकरी कानांनी बघतो. डोळे उघडले तेव्हा फटफटलं होतं आणि कोणीतरी माझ्या अंगावर लुंगी पांघरली होती. फुलाफुलांची. उघड कट आहे.

गांदुंग म्हणतो, “झोप झाली का, म्बाह?” त्याला समजावलं की जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडे एक चौथी अवस्था असते, मी तीत होतो. त्यावर कार्टं विचारतं, “चौथीत घोरतात का?” विद्यापीठात संस्कृत शिकल्याचा इतका अपमान आजवर झाला नव्हता.

तुगिमान म्हणाला, “पहिली वेळ म्हणून सोडतो.” उपकार!

१० जून
सुमिनीने ओढत आरोग्यकेंद्रात नेलं. डॉक्टर रेतनो म्हणाली, वय झालं की अंगातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप लवकर येते, लवकर मोडते, शिवाय पातळ होते. पोरांचं उलट: उशिरा येते, उशिरा सुटते. दोष कोणाचाच नाही. मी म्हटलं, दोष कोणाचा ते मी ठरवीन, तुम्ही औषध द्या. म्हणाली, “पहाटेची पाळी मागा ना. पोरं पेंगायला लागतात तेव्हा तुम्ही ताजेतवाने.”

पहाटेची पाळी कोंबड्याची असते.

माझं घड्याळ ठीक आहे. हिचंच पुढे पळतंय. स्वतः तिशीची नाही आणि लोकांना म्हातारपण वाटत सुटली आहे.

संकल्प: दुपारी झोपेचा साठा करणे. दाट काळी कॉफी. पाठ कशालाही न टेकणे.

१३ जून
विजय! रात्रभर जागा. तथापि कॉफी जरा जास्त झाल्यामुळे बराचसा काळ मशिदीमागच्या संडासात गेला. तुगिमानचं म्हणणं, गस्त चौकीवरून घालायची असते. असा नियम कुठेही नाही. याचं डोकं पहिल्यापासूनच कोतं.

२० जून
कॉफी बंद. उभ्याने पहारा दिला. बागासने मोबाइलवर चित्रण केलं: उभा माणूस हळूहळू बसतो, मग आडवा होतो. गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, वर गाणं जोडून. मी पाच परिच्छेदांचा खुलासा पाठवला. कोणी वाचला नाही. सुमिनीने मात्र चित्रणाला अंगठा दिला. विचारलं तर म्हणते, बोट चुकून लागलं. मग पुढचं हसरं तोंड कसलं?

२७ जून
कालच्या गस्तीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

उद्या बैठक. तीत निकाल. जबरदस्त भाषण लिहिलं आहे. तुगिमान लहानपणी माझ्या झाडाचे आंबे चोरायचा, तिथून सुरुवात. सुमिनी म्हणाली, “बैठक रात्री आठला आहे, दुपारी जरा आडवे व्हा.” म्हटलं, भाषणाच्या वेळी ऐकणारे झोपतात, बोलणारा नव्हे.

२८ जून
आमच्यात मतदान नसतं. कोणी हरकत घेतली नाही की ठरलं. तुगिमानने आधी गटाराचा विषय काढला. मुद्दाम. मग स्वातंत्र्यदिनाच्या शर्यती. मग पुन्हा गटार. मी भाषण मांडीवर घेऊन सज्ज होतो.

टाळ्या ऐकू आल्या. मीही वाजवल्या. जोरात.

मग बागासकडून कळलं, टाळ्या कशाच्या ते. माझं नाव पुसायचं ठरलं. मी ओरडलो, “मला हरकत घ्यायची होती!” तुगिमान हात जोडून, अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “म्बाह, मी तुम्हालाच आधी विचारलं. तुम्ही मान डोलावलीत. खात्री करायला पुन्हा विचारलं, तर आणखी जोरात डोलावलीत. म्हणून तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मोठ्या मनाने कोण बाजूला होतं?”

४ जुलै, पहाटे ३
जागा. खिडकीखालून गस्त बांबू ठोकत गेली. बागास म्हणाला, “हळू ठोक रे, म्बाह झोपलेत.” गांदुंग जांभई देत म्हणाला, “बिचारे.”

खिडकी उघडून दोघांना झापणार होतो. पण मी जागा आहे हे कळलं असतं तर आणखी कीव केली असती. तेवढं सुख त्यांना द्यायचं नव्हतं. म्हणून मोठमोठ्याने घोरलो.

ते गेले. अंधारात सुमिनी म्हणाली, “पुरे आता. झोपेत याहून बरं घोरता.”