एक दाता पुढं

रविवार, २४ ऑगस्ट

बुलेटची किक उलटी आली! पोटरीवर सणकन बसली. हेलन हळद-तेल चोळत बसली आणि वर एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागतं.

काल दिवसभर अंगणात बसून बुलेटचा कॅम, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा, बदलला. जुना झिजून पार गुळगुळीत झाला होता, इंजिनात टकटक वाजत होतं. नगरहून नवा आणला, स्वतःच्या हातानं बसवला. शुगर फॅक्टरीत फिटर म्हणून जन्म गेला माझा — कॅमचं काय एवढं! फक्त उजेडासाठी बॅटरी धरायला जावई होता. तिथंच माशी शिंकली.

कॅमच्या चाकावर एका दात्यापाशी बारीक ठिपका ठोकलेला असतो. खालच्या चाकाच्या ठिपक्यासमोर तो बरोबर यावा लागतो. एक दाता इकडंतिकडं झाला की व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतो. मी ठिपक्याला ठिपका लावला. तर जेम्स म्हणतो, "मामा, एक दाता पुढं गेल्यासारखा दिसतोय." म्हटलं, "जावईबापू, तुम्ही शिर्डीत टॅक्सी चालवा. इथं बॅटरी सरळ धरलीत तरी पुष्कळ झालं." हेलन ओट्यावरून म्हणते, "एकदा बघा की परत." आली लगेच जावयाची वकील!

तेरा तारखेला हरेगावची यात्रा. लग्न झाल्यापासून मतमाउलीला, आमच्या मारियामातेला, आम्ही दोघं बुलेटवरच जातो. एकही साल चुकलं नाही. यंदाही तसंच जाणार.

सोमवार, २५ ऑगस्ट

प्लग नवा टाकला. ठिणगी झकास पडते. गाडी सुरू झाली, पण कशी — खोकत, कार्बोरेटरमधून उलटी थुंकत. ओढ म्हणून नाही. सायलेन्सरचा पाईप तापून लाल व्हायची पाळी.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. गल्लीत ढोल, आणि आमच्या अंगणात सायलेन्सरमधून फाडफाड बार. शेजारचा भागवत भिंतीवरून डोकावून म्हणाला, "शलमोन, फटाके आमी वाजवायचे, तुमी कशाला?" आख्खी गल्ली हसली. हेलनही हसली. पदर तोंडाला लावला म्हणून मला कळत नाही होय!

संध्याकाळी त्याच्याकडून मोदक आले. मी खाल्ले नाहीत.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

टॅपेट सेट केले. व्हॉल्व्हच्या दोन्ही दांड्या बोटानं फिरतात, तशाच फिरायला हव्यात. तरी फरक शून्य.

मग कार्बोरेटर खोलला. त्यातला पेट्रोलचा बारीक जेट हातातून निसटला. पाटभर जागा हातानं धुंडाळली, सापडेना. हेलन आली, वाकली, माझ्या अंगठ्याशेजारून उचलून हातात दिला. "हितंच तर हुता," म्हणाली. म्हणणारच! सकाळ-संध्याकाळ अंगण झाडत सुटते, वस्तू जागेवर राहतील कशा? मी तसं बोललो. ती झाडू घेऊन आत गेली.

रविवार, ३१ ऑगस्ट

लेकीचा, प्रार्थनाचा फोन. पोरीनं लगेच नवऱ्याच्या हातात दिला. जेम्स म्हणतो, "मामा, यंदा माझी गाडी आणतो. सगळे मिळून हरेगावला जाऊ. आईंनाबी बरं पडंल." घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आईंना बरं पडेल म्हणे. हिनंच फूस लावली असणार.

खरं सांगायचं तर हिला मागं बसवून नेण्यातही आता सुख उरलं नाही. बसली की तोंड सुरू. अहो, खड्डा. अहो, ट्रॅक्टर. अहो, उजवीकडून बाई चाललीय. कोपरगाव सोडल्यापासून हरेगावच्या कमानीपर्यंत! पूर्वी अशी नव्हती. खांद्यावर हात ठेवायची आणि मतमाउलीची गाणी म्हणत यायची. वाऱ्यात निम्मी ऐकू यायची नाहीत, तरी बरं वाटायचं. गेल्या दोन सालांत म्हटली नाहीत. म्हातारपणी बायकांचा गळा जातो आणि जीभ तेवढी राहते.

गुरुवार, ४ सप्टेंबर

एसटीनं नगरला गेलो. डुप्लिकेट माल गळ्यात मारला म्हणून दुकानदाराला झाडलं. तो गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "काका, कॅम एक नंबर हाय. बसवला कुनी?"

आल्या पावली परत आलो. हेलननं विचारलं, काय म्हणाला. म्हटलं, दुकान बंद होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. हेलन एकटी गेली. ऑइल काढलं, बाजूचं कव्हर पुन्हा खोललं. ठिपक्यासमोर ठिपका दिसत होता. मी म्हणतो तसाच!

कव्हर ठेवताना ऑइलचा थेंब डाव्या डोळ्यात उडाला. डोळा मिटून उजव्यानं बघितलं — ठिपकाच नाही. जिथं बघावं तिथं मधोमध बोट लावल्यासारखा काळा डाग, आणि भोवतीचे दाते वाकडे. कॅमचं चाक वाकडं कसं असेल? चिंधीनं पुसलं. पुन्हा पुसलं. डावा धुऊन त्यानं एकट्यानं बघितलं. त्यानं दिसतं, पण दोन दात्यांवर मिळून एकच ठिपका पसरल्यासारखा. कुठल्या दात्याचा, ते सांगता येईना.

मग डोळे मिटले आणि नखानं चाचपलं. ठिपका ठोकलेला असतो, नखाला खळगा लागतो. एक दाता पुढं.

जावई बरोबर होता.

नखानंच लावला. कव्हर बसवलं, ऑइल भरलं. एका किकला सुरू झाली. काय आवाज! पहिल्या दिवशी शोरूममधून काढली तेव्हाचा आवाज. मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. हात धुवायचं भान नव्हतं.

सोमवार, ८ सप्टेंबर

मतमाउलीचा सण आज, यात्रा शनिवारी. जेवताना हेलनला म्हटलं, "माझ्या डोळ्याचं तुला ठाऊक होतं?"

तिनं भाकरी मोडायची थांबवली. म्हणाली, "राहात्याच्या पुढं त्या तिठ्यावर उभा ट्रॅक्टर हुता. तुमी सरळ त्याच्यावर चालला हुता. मी वरडले म्हनून ब्रेक मारला. परवाच्या सालची गोष्ट. तवापासून ठाऊक हाय."

"मग बसलीस कशाला मागं?"

"न बसते तर एकटे गेला असता."

मी चिडलो. लई चिडलो. ताट सरकवलं. "बोलली का नाहीस मग? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"बोलत न्हवते? सगळ्या वाटेनं बोलत हुते की. अहो खड्डा, अहो ट्रॅक्टर. आनखी कसं बोलायचं?"

तिनं माझं ताट ओढून घेतलं, वरण वाढलं आणि पुन्हा समोर ठेवलं.

बुधवार, १० सप्टेंबर

गाडी एका किकला सुरू होते. अंगणात स्टँडवर लावून आवाज ऐकतो आणि बंद करतो. भागवत भिंतीवरून म्हणाला, "झाली का नवरी तयार? काढा की चक्कर!" म्हटलं, पेट्रोल नाही. टाकी भरलेली आहे.

जेम्सला मीच फोन केला. "ठिपका तुम्ही म्हणाला तसाच होता," एवढं सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो मामा." मला वाटलं हसेल, हसला नाही. डोळ्याच्या दवाखान्यात सोमवारी प्रार्थना मला नेणार आहे. बुलेटची चावी मी हेलनच्या डब्यात टाकली, गव्हाच्या. तिला सांगितलं नाही. दळण करताना सापडेलच.

शनिवार, १३ सप्टेंबर

जेम्सच्या गाडीतून हरेगाव. मी पुढं, हेलन आणि प्रार्थना मागं. राहाता गेलं, तो तिठा गेला. हेलन एकदाही "अहो" म्हणाली नाही. श्रीरामपूरच्या अलीकडं तिनं काच खाली घेतली आणि गायला लागली. पार कमानीपर्यंत गात होती.