बारा वर्षांची एकही नाही

ता. २२ जानेवारी १८८१, ठाणे
शाळा बाजूला ठेवून आम्हा मास्तरांना घरोघरची माणसं मोजायला, खानेसुमारीला जुंपलंय. आज कोपरी. मिठागरावरच्या एका म्हातारीला वय विचारलं. म्हणाली, "मना काय ठाव? खारबांध फुटला त्या सालची मी." ते साल गावात कोणालाच आठवेना. साठ लिहिले. दिवसभरात माझ्या हातून बरेच जण साठ वर्षांचे झाले.

ता. २५
आपली आळी. गंमतच! नऊ वर्षांच्या मुली उदंड, तेराच्या सासुरवाशिणीही उदंड. बिनलग्नाची बारा वर्षांची एकही नाही. खोटं बोलताना कोणी चाचरलं नाही. सगळे मिळून बोलले की ते खोटं वाटत नसावं. कोपरीकरांना वय ठाऊक नाही. आम्हाला चांगलं ठाऊक आहे, म्हणून चोरतो.

ता. २६
आता आपलं घर. आमच्या लेकीला, द्वारकीला, बारा पुरी झाली. कल्याणच्या नानांच्या पुतण्याशी तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. त्यांना नऊ सांगितलंय. आणि खानेसुमारीचे तपासनीस म्हणून माझे कागद तपासणार तेच नाना! घोर लागलाय.
हिचं म्हणणं, "अहो, नऊ लिहा नि मोकळे व्हा. सगळी आळी खोटी आणि तुम्ही एकटेच का सोवळे?"
मागल्या खानेसुमारीत तीन लिहिलं होतं, तेही मीच. त्याला नऊ वर्षं झाली.
नियम असा की ज्याचं वय त्यालाच विचारावं. द्वारकीला विचारलं. ती म्हणाली, "कोणतं सांगू बाबा? घरचं की कल्याणचं?"
बारा लिहिलं. ही जेवली नाही.

ता. २ फेब्रु.
नाना आले. दूध घेतलं. पानं उलटता उलटता बोट आमच्या ओळीवर थांबलं. ही दाराआड.
"मास्तर, कागद सरकारचा, तो कचेरीत जाईल. पण मी वाचलाय, त्याचं काय करू?"
लाज वाटली, ती बारा लिहिल्याची की आधी सांगितलेल्या नऊची, कळेना.
नानांनी सही केली. पायरीवर जोडा घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची लेक यमी तुमच्या द्वारकीएवढीच, बारा पुरी. काल माझ्या घरच्या कागदावर तिचे दहा लिहिले."
लग्नाचं काही बोलले नाहीत.