शिंपल्यांसाठी चहा सोडला

३ जानेवारी १९९७, भुसावळ
कुमुद भेटली! जळगावच्या बस स्टँडवर. ती झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. मी दुसऱ्याच वर्षी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, तरी तिने मला ओळखलं! म्हणाली, आपल्या चहा-कॉफीतलं कॅफीन गटारातून नदीत, नदीतून समुद्रात जातं आणि शिंपल्यांना त्रास होतो, असं सर सांगत होते. 'बिचारे!' म्हणाली. केवढं हळवं मन!
आजपासून चहा बंद. मरेपर्यंत.

४ जानेवारी
डोकं ठणकतंय. प्रेमामुळे.
हिशोब सरळ आहे. भुसावळचं गटार, तापी, सुरत, समुद्र. माझा प्रत्येक कप थेट शिंपल्याच्या डोक्यात. (शिंपल्याला डोकं असतं का? कुमुदला विचारणे.)

६ जानेवारी
गनीभाईच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना समजावलं. ऐकेनात. तापलो, एकाचा कप मोरीत ओतला. ओतल्यावर लक्षात आलं, तो समुद्राकडेच निघाला. गनीभाई म्हणाला, भाऊ, तुमचा शिंपला आला तर त्याला दूध पाजीन, पण तुम्ही येऊ नका.
आई म्हणते, समुद्र कोठे शे अन् तू कोठे शे?

९ जानेवारी
द्रौपदामावशीने स्थळ आणलं. कुमुदचं!! तिच्या वडिलांना आमची केळीची बाग पसंत. मुलगा अजून शिकतोय, असं मावशी सांगून आलीय. शिकेनही. रविवारी बघायला जायचं. केस कापणे. न चिडणे.

१२ जानेवारी, परतीच्या पॅसेंजरमध्ये
जिंकलो! कुमुद ट्रे घेऊन आली. मी हात जोडले, चहा नको. तिचे आबा म्हणाले, अर्धा तरी घ्या. नको! तिची आजी म्हणाली, पोरना हातना शे भाऊ, घोटभर पे. मी उठून उभाच राहिलो. ठणकावलं, एक थेंबही माझ्या तत्त्वात बसत नाही! मग शिंपल्यांवर भाषण. कुमुदने मान वर केली नाही. ट्रे घेऊन तडक आत गेली. भारावली होती. मावशी सारखा माझा पाय दाबत होती, तिलाही पटलं असावं. आबा 'कळवतो' म्हणाले नाहीत. गरजच काय!

१५ जानेवारी
निरोप नाही. मुहूर्त बघत असतील.

१९ जानेवारी
मावशी येऊन गेली. मुलीच्या हातचा चहा नाकारला म्हणजे मुलगी नाकारली, असं तिकडे धरलंय. मी ओरडलो, शिंपल्यांसाठी नाकारला! मावशी म्हणाली, मंग शिंपलासंगेच लगीन कर. कुमुदने सांगायचं होतं ना! तर ती म्हणे, मी नुसतं अभ्यासातलं बोलले होते.
म्हटलं, आत्ता जातो, किटलीभर पितो.
मावशी म्हणाली, बस खाली. शिंदखेड्याचा मुलगा काल बघून गेला, जमलं. त्याने दोन कप घेतले. बशीत ओतून. फुरके मारत.