गुलाल पडलेला बैल

बुध. ७ जाने.
जुन्नरच्या क्लासात आज पुन्हा शेड्यूल. सिनेमा-सिरीजच्या कामात नव्याने येणाऱ्यांना शूटिंगचं नियोजन शिकवतात म्हणून नाव घातलं, तर अजून कॅमेरा लांबूनच पाहिलाय. मॅडम म्हणतात, "मॅनेजरने कॅमेऱ्याकडे नाही, घड्याळाकडे बघायचं." बरं. सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात सरावाचं शूटिंग. मॅनेजर मी! नीट पार पडलं तर पुण्याच्या वेब सिरीजच्या युनिटला माझं नाव जाईल. नाहीतर निरगुडसरला परत, अण्णांच्या खताच्या दुकानात.

शनि. १०
बैल मिळाला. मामाचा. तो बेल्ह्याला विकायलाच नेणार होता. "गिऱ्हाईक येस्तवर काय करायचं ते करा," म्हणाला. मग काय काय बिघडू शकतं ते सगळं लिहून काढलं. ऊन, गर्दी, बॅटरी, टेम्पो, शेण. शेण वाचून मॅडम हसल्या.

सोम. १२
शॉट झाला, तोही वेळेत. सौदा ठरल्याचा सीन. डायरेक्टर (वर्गातलाच सुमित) म्हणाला, रंग पाहिजे. मी पळत जाऊन गुलाल आणला, नटाने बैलाच्या पाठीवर उधळला. सगळे खूश. मामा चहा पिऊन आला आणि बघतच राहिला.
"आगं, गुलाल पडला की बैल इकला गेला. आता कोन इचारनार त्याला?"
मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरी ट्रॅक्टर. बैल धुतला, पण पांढऱ्या पाठीवर गुलाबी राहिलंच. संध्याकाळपर्यंत कोणी त्याचे दातसुद्धा बघितले नाहीत.

मंगळ. १३
मामाचा फोन. "म्होरल्या बाजारी लोकं म्हन्तील, इकलेला बैल परत आलाय, कायतरी खोड असंल."
म्हटलं, रंग जाईल तोवर.
"रंग जाईल गं. लोकांनी पाह्यलं त्याचं काय? तू यिऊन हुबी ऱ्हा सोमवारी. शूटिंगवाली म्हनून तुला वळखत्यात, तूच सांग खोटं व्हतं म्हनून."
हो म्हटलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गुरु. १५
माझं नाव गेलं युनिटला!! वर्गात टाळ्या. गुलालाचं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "शॉट मिळाला ना?" मिळाला. म्हणजे मी चुकले की बरोबर केलं? काही कळत नाही.
हजर व्हायचं सोमवारी. सोमवारीच! दिवस बदलून मिळेल का विचारलं.
"पहिल्याच दिवशी? मग दुसऱ्या कुणाला पाठवते."


रवि. १८
मामाला अजून सांगितलेलं नाही. शेवटी आईला सांगितलं, तिचाच भाऊ तो. भाकरी थापता थापता म्हणाली, "तू जा पुन्याला. बेल्ह्याला मी जाते. मी सांगते समद्यांना."
आई बैलबाजारात कधी गेलेली नाही. चार परक्या माणसांत बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. आणि तिथे तिला ओळखतं कोण? तिचं कोण ऐकणार? मला इतकी लाज वाटली. नको म्हणणार होते, अगदी नक्की म्हणणार होते.
तोंडातून निघालं, "कितीची एसटी पकडशील?"